साडेआठशे वॅटचा छोटा डबा

नवा पॉवर सप्लाय हातात आला की मी त्याच्यावरचं स्टिकर आधी वाचत नाही. स्टिकर वाचलं की माणूस निम्मा पटलेला असतो, आणि पटलेल्या माणसाने तपासणी करू नये. मी आधी जाळीतून आत टॉर्च मारते, मग वास घेते, मग डबा हळूच हलवून कानाशी नेते. माझ्या सासूबाई नारळ घेताना असंच करायच्या. त्यांचा नारळवाल्यावर विश्वास नव्हता, माझा स्टिकर छापणाऱ्यावर नाही.

ज्यांचा या डब्याशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. संगणकाला भिंतीतली वीज जशीच्या तशी चालत नाही. त्याला बारा व्होल्ट, पाच व्होल्ट असे लहान घास लागतात. ते घास करून देणारा पत्र्याचा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. तो चांगला असेल तर त्याची कुणाला आठवणही येत नाही. वाईट असेल तर तो एकटा मरत नाही, शेजाऱ्यांना घेऊन मरतो. तो किती ओझं पेलतो हे वॅटमध्ये सांगतात, आणि आमच्या बाजारात खोटं बोलायला सगळ्यात सोपी जागा तीच. पंखा फिरतो की नाही हे गिऱ्हाइकाला दिसतं. वॅट दिसत नाहीत.

मी मूळची धुळ्याची. आमच्या वस्तीतल्या विहाराचा ॲम्प्लिफायर ऐन कार्यक्रमात बंद पडला की मला बोलावणं यायचं. त्यावरून घरच्यांनी मला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला घातलं. लग्नानंतर जळगावात आले आणि प्रभाकरभाऊंच्या संगणकाच्या दुकानात कामाला लागले. डाग कसा द्यायचा, म्हणजे सोल्डरिंग कसं करायचं, ते नीट त्यांनीच शिकवलं. पुढे जळगावातच मेहरूणला घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली बांधून मी स्वतःचं काम सुरू केलं. जळगाव-धुळ्याचे दुकानदार आपापले संशयित माझ्याकडे पाठवतात आणि मी निकाल देते. निकाल कुणाला आवडत नाही. ज्याच्या बाजूने लागतो त्यालाही तो आणखी लवकर हवा असतो.

संशयाची सवय मला एका जाडजूड डब्याने लावली. आमच्याकडे जुनी पद्धत आहे, पॉवर सप्लाय हातावर तोलून घ्यायचा. जड तो चांगला. त्यात तथ्य होतं, कारण आत तांबं आणि ॲल्युमिनियम जास्त असलं की वजन वाढतं. फैजपूरचे एक केळीचे व्यापारी स्वतः दुकानात येऊन दोन हातांत दोन डबे घ्यायचे, डोळे मिटायचे आणि जड डबा ठेवून घ्यायचे. त्यांना मी काही समजावायला गेले की म्हणायचे, "ताई, आख्खं आयुष्य घड उचलण्यात गेलं माझं, मला काय शिकवता?" त्यांचा असाच एक निवडून घेतलेला डबा महिन्याभरात धूर सोडून मेला आणि माझ्याकडे आला. उघडला तर आत एका बाजूला लोखंडाची पट्टी गोंदाने चिकटवलेली. तिला कुठलीही तार नव्हती. तिचं काम एवढंच, की कुणी डोळे मिटून डबा तोलला की जड लागावं. व्यापाऱ्यांना ती पट्टी दाखवली तेव्हा त्यांनी ती हातावर तोलून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासारख्यांना ओळखूनच केलंय हे." मला त्या पट्टीपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. कुठेतरी कुणीतरी बसून आमची सवय शिकून घेतली होती.

तेव्हापासून मी वजनावर, दिसण्यावर आणि नावावर काही ठरवत नाही. माझ्या खोलीत एका लाकडी फळीवर जीपच्या हेडलाइटचे बल्ब बसवले आहेत. ते बारा व्होल्टवर चालतात आणि वीज अक्षरशः पितात. डब्याच्या तारा त्या फळीला जोडायच्या आणि एकेक बल्ब पेटवत न्यायचं. लबाड डबा तिसऱ्या-चौथ्या बल्बला मान टाकतो. मीटरवरचा आकडा खाली येतो, आतून बारीक शिट्टी ऐकू येते आणि मग तो वास येतो, जो एकदा नाकात गेला की विसरत नाही. बऱ्या डब्याला सगळे बल्ब पेटवून तासभर ठेवते. मेमध्ये माझी पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते आणि तपासणीला तीच बरी. डब्यावर लिहिलेले वॅट बहुतेक वेळा गार खोलीतले असतात. ही बारीक अक्षरातली ओळ वाचायची तसदी आमच्याकडे कुणी घेत नाही. जळगावच्या मेमध्ये गार खोली कुणाकडे आहे?

आता त्या छोट्या डब्याकडे येते.

मागच्या मे महिन्यात एका दुपारी प्रभाकरभाऊ माझा जिना चढून आले. मागे एक तिशी-पस्तिशीचा माणूस, कडेवर लेकरू घ्यावं तसा छोटासा संगणक घेऊन, आणि त्याच्या मागे एक म्हातारी. माणसाचं नाव रामदास. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका पाड्याचा. गावोगाव ड्रोन उडवून शेतांचे नकाशे करून देतो. म्हातारी त्याची मामी, पाड्यात सगळे तिला जमुनाअक्का म्हणतात. ती आत आली, खोलीभर नजर फिरवली आणि खुर्ची सोडून दाराजवळ जमिनीवर बसली. तिथून तिला आम्ही तिघंही दिसत होतो.

प्रकरण असं होतं. पाड्यातल्या कुटुंबांनी वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी दावे केले होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण कागदावर जंगल. कोणाचं वावर कुठवर आहे याचा नकाशा सुनावणीत दाखवायचा होता. रामदासने गेल्या हंगामात, पीक उभं असताना, वरून फोटो काढले होते. उभ्या पिकात बांध स्पष्ट दिसतो. असे शेकडो फोटो एकमेकांना जुळवून नकाशा करायला संगणकात जबरदस्त ग्राफिक्स कार्ड लागतं आणि त्याला पोसायला तगडा पॉवर सप्लाय. आणि हे सगळं जीपमध्ये घेऊन डोंगर चढायचे म्हणून पेटी छोटी. जुळवणी चालू असताना त्याचा जुना सप्लाय जळाला. प्रभाकरभाऊंनी नवा बसवून दिला. साडेआठशे वॅटचा, आणि आकार एवढासा की जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावेल. बसवून बटण दाबलं, टक् असा आवाज आला आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्.

"नवा माल खराब निघाला असेल तर मी बदलून देईन," प्रभाकरभाऊ म्हणाले. "पण रत्ना, मला वाटतं यांच्या जीपमधल्या जनरेटरने आधीच आतलं सगळं मारलंय. तू बघ आणि काय ते सांग."

रामदास म्हणाला, "जनरेटर मी लावलाच नव्हता ताई. आणि बदलून काय करू? त्या हार्डडिस्कमध्ये पाड्याचे फोटो आहेत. ड्रोनचं कार्ड पुसून मी पुढच्या गावाला गेलो. आता वावरात पीक नाही. सुनावणी तोंडावर आली आहे."

दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

खरं सांगते, माझा पहिला संशय त्या डब्यावरच होता. एवढ्याशा जागेत साडेआठशे वॅट हे ऐकूनच मला चीड येते. जागा कमी म्हणजे पंखा लहान, हवा कमी, सगळे भाग खांद्याला खांदा लावून बसलेले. मी मनात निकाल लिहूनही टाकला होता. जोडणी सोडवून फक्त डबा फळीला लावला. दोन बल्ब पेटवले तर पंखा फिरेना. प्रभाकरभाऊ म्हणाले, "बघ." मी थांबले. हल्ली काही डबे कमी ओझ्यावर पंखा मुद्दाम बंद ठेवतात. चौथ्या बल्बला पंखा फिरू लागला. मग मी फळीवरचे सगळे बल्ब पेटवले. खोलीत इतका उजेड झाला की अक्काने पदर डोळ्यांवर घेतला. मीटरचा आकडा जागचा हलला नाही. ना शिट्टी, ना वास. त्या उकाड्यात आम्हा चौघांना घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तो डबा आपला शांतपणे वीज पुरवत होता. तासाभराने मी बल्ब मालवले. मला थोडा रागच आला.

"डबा चांगला आहे," मी म्हणाले.

"मग मी म्हटलं तेच," प्रभाकरभाऊ म्हणाले. "यांच्याकडूनच काहीतरी झालंय."

दाराजवळून अक्का पहिल्यांदा बोलली, तिच्या अहिराणीत. "तुम्हीन दोन्ही एकच बजारना. डबा तुम्हना, तपासनारी तुम्हनी."

रामदास कानकोंडा झाला. मला मात्र तिचं बोलणं रास्त वाटलं. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, कदाचित जिना चढायच्या आधीच.

मी डबा पुन्हा संगणकाला जोडला आणि एकेक तार सोडवत गेले. प्रत्येक वेळी बटण, प्रत्येक वेळी टक्. शेवटी हार्डडिस्कची तार काढली आणि संगणक सुरू झाला. म्हणजे डबा मरत नव्हता, तो नकार देत होता. कुठेतरी वीज आडवाटेने पळते आहे हे ओळखून तो दर वेळी स्वतःच हात मागे घेत होता. माझ्याइतकाच संशयी निघाला तो.

मग मी ती तार हातात घेऊन पाहिली. बाकीच्या तारा आखूड आणि चपट्या, कारण छोट्या डब्याबरोबर आखूड तारा येतात. ही मात्र लांब होती, गोल होती, जुनी होती. तिचं डब्याकडचं टोक बरोबर बसत होतं. पण या टोकांची आतली मांडणी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. खाच सारखी, आतली वीज वेगळी. मी मीटर लावला. जिथे पाच व्होल्ट हवे तिथे बारा येत होते.

आमच्या बाजारात काही फेकत नाहीत. प्रत्येक दुकानात खिळ्याला जुन्या तारांची पिशवी टांगलेली असते आणि अडल्या वेळी त्यात हात घातला की काहीतरी मिळतंच. बसतंय म्हणजे चालतंय, हा आमचा नियम. निम्मा खानदेश त्यावर चालला आहे आणि बरा चालला आहे. मीही त्या पिशवीवरच वाढले.

"ही तार कुणी लावली?" मी विचारलं.

"मी तर पेटी उघडलीच नाही," रामदास म्हणाला.

प्रभाकरभाऊंनी माझ्या हातातून तार घेतली. उलटसुलट केली. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील, आणि मग मला शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडावर मला बोलावं लागेल. ते म्हणाले, "माझ्याच पिशवीतली आहे. नव्या तारा डिस्कपर्यंत पोचत नव्हत्या." आणि मग, अक्काकडे न बघता, "चुकलं माझं."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली.

आता खरा प्रश्न उरला होता. हार्डडिस्कच्या पाठीवर एक सर्किट असतं. त्यात पाच व्होल्टच्या वाटेवर एक बारीकसा पहारेकरी बसवलेला असतो, डायोड. जास्त व्होल्ट आले की तो स्वतः जळून वाट अडवतो, म्हणजे मागचं वाचतं. तो इथे जळाला होता, हे मीटरने सांगितलं. तो उपटून काढला तर डिस्क बहुधा सुरू होते. बहुधा. पण आत आणखी काही गेलं असेल, तर त्या एका चालवण्यात उरलंसुरलंही जाऊ शकतं. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या शहरात जिथे हेच काम बंद, स्वच्छ खोलीत करतात तिथे पाठवायची. त्यात सुनावणी उलटून गेली असती.

मी हे सगळं सांगितलं. प्रभाकरभाऊ म्हणाले, "रत्ना, तू काढ, तुझा हात चांगला आहे." रामदास म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." दोघांनीही भार माझ्यावर टाकला. अक्का उठली आणि टेबलापाशी आली. डिस्क हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

"इन्हामा बठ्ठा पाडाना वावरं शेतस," ती म्हणाली. "तुन्हा सोताना घरना फोटू ऱ्हातात, तं तू हाई करती का?"

मला हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. पण या बाईने दुपारभर माझ्यावर डोळा ठेवला होता आणि मला तिच्याशी खोटं बोलता येईना.

"नाही अक्का," मी म्हणाले. "माझे असते आणि वेळ असता तर मी हात लावला नसता. पाठवली असती."

"आनि टाईम नसता तं?"

"तर भीत भीत का होईना, केलं असतं."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग कर. तू सरळ हो म्हणती, तं मी उचलीसन लई जाती."

मी खोलीतला पंखा बंद केला, कारण वाऱ्याने डागाची कांडी थंड होते. डायोड तिळाएवढा होता. तो निघाला तेव्हा त्याच्याखाली एक काळा डाग उरला. मग बरोबर मापाची तार लावली, व्होल्ट दोनदा मोजले, आणि बटण दाबलं. डिस्क फिरू लागली. तिचा तो घरघर आवाज मला इतका गोड वाटला की मी रामदासकडे बघून हसले आणि पाहिलं तर त्याचे डोळे भरले होते.

पहारेकरी नसलेली डिस्क पुन्हा पुन्हा चालवायची नसते. जे काढायचं ते आत्ताच. फोटो दुसरीकडे उतरवले, मग आणखी एका पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह अक्काने मागितला. प्रभाकरभाऊंकडे नाही, भाच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, तिच्याकडे राहील. आणि तो पदराला बांधण्याआधी म्हणाली, "इन्हामा शे हाई माले कसं समजी? दखाड."

मी पेनड्राइव्ह माझ्या दुसऱ्या संगणकाला लावला आणि फोटो एकामागून एक उघडत गेले. ती बोटाने दाखवत होती. हा नाला, हे मोहाचं झाड, हे अमक्याचं वावर, हे त्याच्या भावाचं. वरून काढलेला फोटो तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल, पण एकदाही चुकली नाही. नाल्याच्या पलीकडे गेलो तेव्हा काही फोटो उघडले नाहीत. पडद्यावर नुसता राखाडी चौकोन. जुना डबा जळताना ते गेले, की प्रभाकरभाऊंच्या तारेने, की माझ्या हाताने, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येणार नाही.

"आठे काय शे?" अक्काने विचारलं.

"हे वाचता येत नाहीत अक्का. एवढेच गेलेत."

तिने तो राखाडी चौकोन बराच वेळ पाहिला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "बाकीना दखाड."

आम्ही शेवटापर्यंत पाहिले. मग तिने पेनड्राइव्ह पदराला गाठ मारून बांधला आणि ती जिना उतरून गेली. रामदास पेटी उचलताना घुटमळला.

"काय झालं?" मी विचारलं. "थोडेच तर गेलेत."

"ते अक्काचं वावर होतं," तो म्हणाला.

मी जिन्यापर्यंत धावले. ती जीपमध्ये बसली होती, समोर बघत. मी खाली जाऊन काय बोलणार होते कुणास ठाऊक. गेले नाही.

सुनावणीत बाकीच्यांचे नकाशे मान्य झाले. साहेबांनी संगणकावर कुणीही काहीही रंगवतं अशी शंका काढली, तेव्हा अक्काने त्यांना म्हणे जागेवर चालून बघायला लावलं. ते गेले, आणि बांधाला बांध जुळला. तिचा एकटीचा दावा मागे ठेवला. पीक उभं राहिल्यावर पुन्हा मोजून आणा म्हणाले. हे मला रामदासने फोनवर सांगितलं. मला पाड्यासाठी आनंद झाला आणि अक्कासाठी इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी कुणाचाच डबा उघडला नाही.

परवा त्याच नंबरवरून फोन आला. रामदास असेल म्हणून उचलला, तर अक्का होती. मी आधी माफी मागायला लागले. तिने बोलू दिलं नाही.

"बाजरी उभी ऱ्हायनी," ती म्हणाली. "ड्रोन उडाडानं पहिले तू आठे ये. डबा तुन्हा हातखाल तपास, मंगच उडाडू. आनि त्या तारवाला भाऊले संगे नको लयजो."